छोटं संग्रहालय वाचवायचं, तर आधी नोंदवही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका हौशी संग्राहकाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. संग्राहक आता हयात नाहीत, विश्वस्त मंडळ कारभार पाहतं. आठवड्यातून एकच दिवस दार उघडतं, छत एका कोपऱ्यात गळतं, महिन्याला वीस-पंचवीस माणसं येतात. मंडळात विषय निघालाय की चांगल्या वस्तू मोठ्या संग्रहालयाला द्याव्यात, उरलेल्या विकाव्यात आणि जागा मोकळी करावी. तुम्ही विचारताय की इतक्या छोट्या संग्रहालयाला खरोखर काही मोल असतं, की आपण नुसते भावनेपोटी धरून बसलोय? आणि वाचवायचंच ठरलं तर सुरुवात कुठून करायची?

मी संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं काम २६ वर्षं करते आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं अशाच दोन-चार खोल्यांच्या संग्रहालयांत गेली. म्हणून आधी सरळ उत्तर देते. विक्रीचा ठराव तूर्त पुढे ढकलायला लावा. आणि रंगरंगोटी, नवे फलक, उद्घाटन असलं काहीही मनात आणण्याआधी नोंदवही शोधा. म्हणजे कुठली वस्तू कधी, कुणाकडून, कुठून आली हे ज्या वहीत लिहिलेलं असतं ती. सापडली की कोरड्या जागी हलवा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा, कोऱ्या पानांचासुद्धा. एका दुपारचं काम आहे. इतकी घाई कशासाठी, ते आता सविस्तर सांगते.

संग्रहालयाचं मोल ठरवताना सगळे आधी येणाऱ्यांची संख्या पाहतात. ती जरूर पाहावी, पण तिच्यावरून फारसं काही कळत नाही. एक उदाहरण देते. छोट्या संग्रहालयाच्या हातून काय घडू शकतं, हे इतकं नेमकं सांगणारं दुसरं मला ठाऊक नाही.

दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन नावाचं बंदर आहे. तिथल्या लहानशा संग्रहालयाने १९३१ मध्ये मार्जरी कोर्टने-लॅटिमर या २४ वर्षांच्या मुलीला अभिरक्षक (क्युरेटर) म्हणून नेमलं. तिने बंदरावरच्या मच्छीमारांशी ओळख ठेवली होती. जाळ्यात काही वेगळं आलं तर कळवा, असं सांगून ठेवलं होतं. २२ डिसेंबर १९३८ ला हेंड्रिक गूसेन या कप्तानाचा ट्रॉलर धक्क्याला लागला आणि तिला निरोप आला. माशांच्या ढिगाखाली तिला एक निळसर पर दिसला. ढीग बाजूला केल्यावर खाली सुमारे दीड मीटर लांबीचा, जाड खवल्यांचा मासा होता आणि त्याचे पर पायांसारखे मांसल होते. तिला तो ओळखता येईना, पण टाकून द्यायचा नाही एवढं कळलं. टॅक्सीवाला तो गाडीत घ्यायला तयार होईना. शवागाराने नकार दिला, शीतगृहाने नकार दिला. संग्रहालयाच्या अध्यक्षांच्या मते तो साधा रॉक कॉड होता. शेवटी फॉर्मॅलिन या जतनाच्या रसायनात भिजवलेल्या वर्तमानपत्रांत मासा गुंडाळला आणि तिने त्याचं रेखाचित्र काढून मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना पत्र लिहिलं. स्मिथ सुट्टीवर होते. पत्र त्यांना जानेवारीत मिळालं. तोवर तिकडच्या ऐन उन्हाळ्यात मासा सडायला लागला होता, फॉर्मॅलिन पुरेसं नव्हतं, आतले अवयव टाकून द्यावे लागले आणि कातडी तेवढी वाचली. तो मासा सीलकँथ होता. डायनासोरांबरोबरच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ही जात संपली, असं तोवर मानलं जात होतं. दुसरा नमुना शास्त्रज्ञांच्या हाती लागायला १९५२ साल उजाडलं.

या घटनेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे कप्तानाने निरोप पाठवला, कारण संग्रहालय हाकेच्या अंतरावर होतं आणि तिथल्या माणसाला तो ओळखत होता. शेकडो मैलांवरच्या राष्ट्रीय संग्रहालयाला त्याने कळवलं नसतं. मासा धक्क्यावरच विकला गेला असता. दुसरी गोष्ट त्या माशाच्या नावात आहे. लॅटिमेरिया चालुम्नी. पहिला शब्द त्या अभिरक्षकाचा आणि दुसरा चालुम्ना नदीचा, कारण तिच्या मुखाजवळ तो पकडला गेला होता. वस्तू कुणी जपली आणि ती कुठली, ही नोंद शास्त्रीय नावातच येऊन बसली आहे.

दुसरं उदाहरण अंड्यांचं. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद एके काळी फार होता. तो वाईटच होता आणि पुढे अनेक देशांत त्यावर बंदी आली. पण जमवलेली कवचं छोट्यामोठ्या संग्रहालयांत आणि घरगुती संग्रहांत पडून राहिली. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्याची संख्या झपाट्याने घटली, घरट्यांत अंडी फुटलेली सापडू लागली. डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांमधली कवचं तोलली, मोजली आणि १९६७ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष मांडला: १९४७ च्या सुमारापासून कवचं एकाएकी पातळ झाली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी सर्रास सुरू झाली तो हाच काळ. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, तिच्यामागच्या पुराव्यात या पातळ कवचांचा मोठा वाटा होता. आता विचार करा, त्या अंड्यांवर किंवा सोबतच्या चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण नसतं तर? कितीही सुंदर, ठिपक्याठिपक्यांचं असलं तरी बिनतारखेचं अंडं या कामी शून्य.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचंही असंच. प्राचीन तगर ते हेच, 'पेरिप्लस' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत व्यापारी नगर म्हणून त्याचं नाव येतं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि भोवताली मिळणाऱ्या वस्तू जमवल्या आणि त्यांचं संग्रहालय तिथेच उभं राहिलं. इकडे इटलीत, इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत, १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतात कुठे घडली असेल, या चर्चेत अभ्यासकांना तेरच्या हस्तिदंती मूर्तीशी तुलना करता आली, कारण ती मूर्ती तेरची हे पक्कं होतं. बाजारातून आलेली, 'बहुधा दख्खनची' एवढंच ठाऊक असलेली मूर्ती तिथे पुरावा म्हणून उभीच राहिली नसती.

तेव्हा मोल असतं का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: वस्तू आणि तिची नोंद यांची गाठ जोवर शाबूत आहे तोवर असतं, आणि पुष्कळ असतं. ती गाठ सुटली की तुमच्याकडे जुन्या सामानाने भरलेल्या दोन खोल्या उरतात. मग विश्वस्तांना काय दोष द्यायचा?

आमच्या शास्त्रात याला रीतसर नाव आहे. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने वस्तूंचं नुकसान करणारी दहा कारणं सांगितली आहेत. धक्के, चोरी, आग, पाणी, कीड, प्रदूषण, प्रकाश, चुकीचं तापमान, चुकीची आर्द्रता ही नऊ कुणालाही सुचतील. दहावं रॉबर्ट वॉलर यांच्या मांडणीतून आलं. त्याला मराठीत मी 'ताटातूट' म्हणते. वस्तू धडधाकट असते, पण तिचा क्रमांक पुसला जातो, चिठ्ठी गळून पडते, वही हरवते, माहीत असलेला माणूस जातो. आग लागली तर सगळ्यांना दिसते. ताटातूट कुणालाच दिसत नाही. कपाटात सगळं जागच्या जागीच असतं.

ती कशी दिसते ते सांगते. एका छोट्या संग्रहालयात मी एक खण ओढला. आत सुतारकामाचे पाच रंधे होते, पाचही गलत्याचे, म्हणजे लाकडाच्या कडेला नक्षीदार उठाव काढायचे. लाकूड हाताच्या तेलाने काळपट, गुळगुळीत झालेलं. खणाच्या तळाशी पाच कागदी चिठ्ठ्या सुट्या पडल्या होत्या. त्या रंध्यांना पिठाच्या खळीने चिकटवलेल्या होत्या, आणि कसरीला खळ आवडते. तिने खळ खाल्ली, चिठ्ठ्या गळाल्या, कागदाच्या कडाही कुरतडल्या गेल्या. रंध्यांवर क्रमांक कुणी टाकलेच नव्हते. चार चिठ्ठ्यांवर फक्त देणाऱ्यांची नावं. पाचवीवर बारीक अक्षरात लिहिलेलं: 'शाळेची पहिली बाकं याने केली.'

याने म्हणजे कुठल्या? पाच रंधे आणि एक वाक्य. सुदैवाने त्या शाळेचं एक जुनं बाक मागच्या खोलीत, तुटक्या खुर्च्यांखाली होतं. आम्ही बाकाच्या कडेच्या गलत्याचा छेद कागदावर उतरवला आणि एकेका रंध्याच्या पात्याला लावून पाहिला. पहिल्या तीन रंध्यांचा मेळ बसला नाही. चौथ्याचं पातं कागदावरच्या रेषेवर बिनफट बसलं, डाव्या टोकाच्या छोट्या खाचेसकट. पात्याला तिथे टवका गेलेला होता आणि बाकाच्या कडेवर त्याची बारीक उभार रेघ लांबवर गेली होती. त्याच दुपारी त्या रंध्यावर क्रमांक टाकला. उरलेल्या चार चिठ्ठ्यांचं मात्र काही करता आलं नाही. चार रंधे आणि चार नावं आजही वेगवेगळी आहेत. कुणाचा कुठला, हे सांगू शकणारं बाक प्रत्येकाच्या नशिबी नसतं.

आता ऱ्हासाबद्दल. अशी संग्रहालयं बंद पडण्याचं कारण विचारलं की सगळे पैशाकडे बोट दाखवतात. पैसा लागतो, पण मी पाहिलेल्या ठिकाणी तो शेवटी संपला. त्याआधी बरंच काही संपलेलं होतं. संग्राहकाला प्रत्येक वस्तू तोंडपाठ असते, म्हणून तो लिहीत नाही, किंवा आपल्यालाच कळेल असं लिहितो. तो गेल्यावर किल्ल्या ज्याच्याकडे येतात त्याला झाडलोट आणि कुलूप एवढंच सांगितलेलं असतं. कुणी काही आणून दिलं तर 'ठेवा तिकडे' म्हणून ठेवलं जातं. नोंदवहीतली शेवटची तारीख पाहिली की मला त्या संस्थेचं वय कळतं. संग्रहालय त्या दिवशी थांबलं, दार पुढे वीस वर्षं उघडत राहिलं एवढंच.

मग साठवणीच्या खोलीत जुने फलक, मोडके पंखे, सत्काराच्या शाली आणि हिशेबाच्या फायली येतात. त्यांच्यामागे वस्तू दडपतात. पाणी गळतं ते दिसत नाही, कारण गळणाऱ्या कोपऱ्यापर्यंत कुणी पोहोचूच शकत नाही. उघडण्याचे दिवस कमी होतात. शाळा दोनदा येऊन बंद दार पाहून जाते आणि तिसऱ्यांदा येत नाही. आणि मग बैठकीत वाक्य येतं, 'बघायला येतंच कोण?' ते वाक्य खरं असतं. पण आपणच दार लावून घेतल्यानंतरचं असतं.

२०२० च्या महासाथीत युनेस्को आणि जागतिक संग्रहालय परिषद यांनी जगभरातल्या संग्रहालयांचा अंदाज घेतला होता. सुमारे ९५ हजारांपैकी जवळजवळ ९० टक्के संग्रहालयांनी दारं लावली होती आणि सुमारे १३ टक्के पुन्हा कधीच उघडणार नाहीत अशी भीती व्यक्त झाली होती. काही महिने दार बंद राहिल्यावर संस्था परत उभी राहू शकते की नाही, हे आत कुणीतरी पगारी किंवा शब्दाला जागणारं माणूस आहे की नाही यावर ठरतं. छोट्या ठिकाणी ते बहुतेकदा एकच माणूस असतं. त्या माणसाची काळजी घ्या, ही माझी विश्वस्तांना कायमची विनंती असते. चहापाण्यापुरतं मानधन देऊन दहा वर्षं राबवून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. ती थकून निघून गेली की त्यांच्याबरोबर निम्मं संग्रहालय जातं.

आता काम. नोंदवहीचे फोटो झाले की ते तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण त्या इमारतीबाहेरचं असू द्या. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दी जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. दोनशे वर्षांची संस्था, सुमारे दोन कोटी वस्तू, त्यातल्या बहुतेक गेल्या. नंतर तिथल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं की तुम्ही कधी काढलेले वस्तूंचे फोटो असतील तर पाठवा. इतक्या मोठ्या संस्थेवर ती वेळ आली. तुमची एकच वही आहे आणि ती गळक्या छताखाली आहे.

छताचं म्हणाल तर पूर्ण दुरुस्तीची वाट पाहू नका. गळणाऱ्या कोपऱ्यातल्या वस्तू आज हलवा, वर प्लास्टिक ताणा, जमिनीवर ठेवलेलं सगळं निदान वीतभर उंचावर घ्या. भिजलेल्या कागदावर आणि कापडावर साधारण ४८ तासांत बुरशी धरते. भिजलेली कागदपत्रं तेवढ्या वेळात पंख्याखाली वाळवणं जमत नसेल तर पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये टाका. तिथे ती महिनोन्‌महिने थांबतील आणि नंतर थोडी थोडी काढून वाळवता येतील. उन्हात मात्र वाळवू नका.

हवा दमट राहिली, म्हणजे सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली, की बुरशी आणि गंज दोन्ही सुरू होतात. साधं आर्द्रतामापक लावा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहा. वातानुकूलन यंत्र दिवसा चालवून रात्री बंद करण्यापेक्षा ते नसलेलं बरं, कारण वस्तूंना चढउतार जास्त सोसत नाही. प्रकाशाचं थोडक्यात सांगते: कापड, कागद, जलरंग यांना ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त नको, आणि उडालेला रंग कुठल्याही उपायाने परत येत नाही. खिडक्यांना जाड पडदे लावले आणि कुणी नसताना दिवे बंद ठेवले की बरंचसं काम झालं.

लोकरी किंवा लाकडी वस्तूंतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. फवारणी करू नका. वस्तू पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांना दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, किमान एक पूर्ण दिवस, पिशवी उघडू नका. रंगवलेलं लाकूड, हस्तिदंत, काच यांच्यावर हा प्रयोग नको. पेंढा भरलेले प्राणी-पक्षी असतील तर हातमोजे आणि मुखपट्टी लावल्याशिवाय त्यांना हात लावू नका, मुलांना तर मुळीच लावू देऊ नका. जुन्या काळी कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण लावत असत आणि तो विषारीपणा शंभर वर्षांनीही तसाच असतो. हे मी जिथे जाते तिथे सांगते, कारण शाळेची मुलं आधी नेमकी त्याच कपाटाकडे धावतात.

साठवणीची घडी बसवायला 'री-ऑर्ग' नावाची एक पद्धत आहे. रोममधल्या इक्रोम या आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थेने ती युनेस्कोबरोबर खास छोट्या संग्रहालयांसाठी तयार केली. महागडी सामग्री लागत नाही. तिचे काही निकष मी भिंतीवर लावायला सांगते: साठवणीच्या खोलीत संग्रहाशिवाय दुसरं काहीही नको. कुठलीही वस्तू थेट जमिनीवर नको. कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे. आणि तिच्यापर्यंत पोहोचायला दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागता कामा नयेत. तीन मिनिटांचा निकष एकदा घड्याळ लावून करून बघा. नोंदवहीतला कुठलाही एक क्रमांक उचला आणि शोधायला लागा. विश्वस्तांसमोर केलात तर उत्तमच, माझं अर्ध्या तासाचं भाषण वाचेल.

मोजदाद करताना जुने क्रमांक बदलू नका, कितीही विसंगत वाटले तरी. जुना क्रमांक म्हणजे जुन्या नोंदीकडे जाणारी वाट. ज्या वस्तूला क्रमांकच नाही तिला नवा द्या, साल आणि पुढे अनुक्रम असा, आणि 'जुनी नोंद सापडली नाही' हे स्पष्ट लिहा. क्रमांक वस्तूवरच हवा. धातू, लाकूड, मातीची भांडी यांवर आधी पॅरालॉइड बी-७२ या लाखेसारख्या द्रावणाचा पातळ थर, तो वाळल्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा एक थर. हे नंतर काढता येतं. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून दोन सैल टाके. कागदावर मागच्या बाजूला मऊ पेन्सिल. सेलोटेप, नेलपॉलिश, स्टेपलर, फेव्हिकॉल यातलं काहीही वस्तूला लागता कामा नये. आणि काम चालू असताना गावातल्या वयस्कर माणसांना दोघा-तिघांच्या गटाने बोलवा, वस्तू समोर ठेवा, बोलणं ध्वनिमुद्रित करा. प्रश्न कमी विचारा. वस्तू हातात घेतली की माणसं आपसूक बोलतात, अवजाराची पकड दाखवताना त्यांच्या मनगटाला जे आठवतं ते तोंडी विचारून येत नाही. जे सांगतील ते त्यांच्या नावाने आणि तारखेने लिहा, खात्रीची माहिती म्हणून नको.

आता विश्वस्तांच्या प्रस्तावाबद्दल. मोठ्या संग्रहालयाला वस्तू देण्यात वाईट काही नाही, पण पुढे काय होतं ते माहीत असू द्या. मोठ्या संग्रहालयांच्या संग्रहातला थोडासाच भाग दालनात असतो, बाकीचा साठवणीत. ते तुमच्याकडच्या नऊशे वस्तूंमधून चार निवडतील, आणि त्या चार बहुधा त्यांच्या दालनात येणारही नाहीत. उरलेल्या वस्तूंचा आधार मात्र निघून जाईल. बाक एका शहरात आणि रंधा दुसऱ्या शहरात गेला असता तर आम्हाला ती खाच कधीच जुळवता आली नसती.

विक्रीबद्दल मी जास्त कडक आहे. आधी मालकी तपासा. अशा संग्रहांत निम्म्या वस्तूंचं दानपत्र नसतं आणि काही तर 'प्रदर्शनापुरत्या' म्हणून आणलेल्या, परत न केलेल्या असतात. दुसऱ्याची वस्तू विकून बसलात तर प्रकरण कोर्टात जाईल. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनच्या नगर परिषदेने २०१४ मध्ये आपल्या संग्रहालयातली सेखेमका ही चार हजार वर्षांहून जुनी इजिप्शियन मूर्ती लिलावात विकली. सुमारे एक कोटी ५७ लाख पौंड आले. त्यातला मोठा हिस्सा मूळ दात्याच्या घराण्याच्या वारसाला द्यावा लागला. त्या संग्रहालयाची अधिकृत मान्यता पाच वर्षांसाठी काढून घेतली गेली, म्हणजे त्या मान्यतेवर अवलंबून असलेल्या अनुदानांची दारंही मिटली. मूर्ती देशाबाहेर गेली. आणि माझ्या दृष्टीने याहून मोठं नुकसान असं की यानंतर घरातली वस्तू संग्रहालयाला द्यायला कोण धजावेल? दाता विश्वासाने देतो. एकदा विकलं की तो विश्वास त्या एका वस्तूपुरता जात नाही.

काही वेळा बंद करणं हाच बरोबर निर्णय असतो, हेही सांगते. इमारत धोकादायक असेल, जबाबदारी घेणारं एकही माणूस उरलं नसेल, तर ओढूनताणून दार उघडं ठेवण्यात वस्तूंचंच नुकसान आहे. मी स्वतः दोन संग्रहालयं बंद करायला मदत केली आहे. अशा वेळी संग्रह शक्य तितका एकत्र, नोंदवहीसकट, जवळात जवळच्या सार्वजनिक संस्थेकडे द्यावा, मग ते महाविद्यालय असो, ग्रंथालय असो, दुसरं संग्रहालय असो. दात्यांना किंवा त्यांच्या वारसांना आधी कळवावं. आणि कुठला क्रमांक कुठे गेला याची यादी छापून किमान चार ठिकाणी ठेवावी.

पण तुमच्या वर्णनावरून तुमची वेळ ती नाही. दोन खोल्या आहेत, काळजीने विचारणारं माणूस आहे, महिन्याला वीसेक जण अजूनही येतात. उघडण्याचा दिवस एकच ठेवा, पण तो न चुकता पाळा, वेळ दारावर ठळक लिहा. अनियमित तीन दिवसांपेक्षा भरवशाचा एक दिवस लोकांना बरा वाटतो. शाळेला सगळं संग्रहालय दाखवण्याचा आग्रह सोडा. एकच वस्तू, अर्धा तास, हातात घेता येईल अशी.

या रविवारी एक कपाट घ्या, एकच. दोघांनी बसायचं: एकाने वस्तू बाहेर काढायची, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा, दुसऱ्याने लिहायचं. क्रमांक, काय आहे, कशाचं आहे, किती लांब-रुंद, कुठे ठेवलंय, वहीत नोंद आहे की नाही. खणाच्या तळाशी सापडणारी प्रत्येक कागदाची चिंधी स्वतंत्र पाकिटात घाला आणि पाकिटावर त्या खणाचा क्रमांक लिहा. सरावाने तासाला दहा-बारा वस्तू होतात. सगळी कपाटं झाली की तीन आकडे काढा: वहीत नोंदी किती, प्रत्यक्षात वस्तू किती, आणि दोन्ही जुळणाऱ्या किती. हे तीन आकडे आणि गळक्या कोपऱ्याचे फोटो घेऊन मंडळाच्या बैठकीला जा. तिसरा आकडा निम्म्याहून जास्त आला तर मला कळवा, पुढचं काम कसं लावायचं ते सांगते. कमी आला तर त्याहून आधी कळवा, कारण मग ज्यांना आठवतंय अशा माणसांकडे आपल्याला लवकर जावं लागेल.